रकाना अकरावा

टॅब्लेट मी काखेत ठेवतो, देलच्या आत.
उणे अडतीसला ते माणसाआधी गारठतं.
मोटारसायकल थांबली की पहिलं ते बाहेर काढायचं,
जिवंत आहे का बघायचं,
मग ओरडायचं, "कुत्रं धरा!"
कुत्रं नसलं तरी. झावखानात तशी रीत आहे.
दुल्माजावकडे यंदा कुत्रं नाहीच.

तिनं मिठाचा चहा ओतला,
चुलीत दोन शेणी सारल्या.
"सरकारला अजून मोजायचंच आहे?"
डिसेंबर आहे, मी म्हटलं.
दर डिसेंबरला पाच मुस्कटं :
घोडा, उंट, गाय, मेंढी, बकरी.

पडदा उजळला
आणि गेल्या वर्षाचे आकडे न विचारता पुढे आले.
मेंढ्या दोनशे चौदा.
बकऱ्या एकशे साठ.
ती वाकून बघत राहिली
चष्मा न लावता, बोट न लावता.
"एवढ्यात पुसू नकोस."

इशारा आला नव्हता का झुदचा, मी विचारलं.
आला होता म्हणे.
मुलाच्या नंबरवर.
नोंदीत त्याचाच नंबर, तो उलानबातरला टॅक्सी चालवतो,
वादळाच्या दोन दिवस आधी त्याला सरकारनं कळवलं,
कळप सखल जागी हलवा.
तो तेव्हा सिग्नलला उभा होता.
मी तिथल्या तिथे नंबर बदलला.
आठ आकडे, दोनदा वाचून दाखवले.
दहा महिने उशिरा.

"हे इथून जातं कुठं?"
टेकडीवरून तालुक्याला, तालुक्यातून राजधानीला.
तिथे आकाशातून काढलेले फोटो असतात,
ते माझ्या आकड्यांशी ताडून बघतात.
"मग फोटोतच मोजा की."
वरून फक्त बर्फ दिसतो, मी म्हटलं.
बर्फाखाली काय आहे ते तुला विचारावं लागतं.

मग तिनं सांगितलं.
मेंढ्या, बकऱ्या, उंटीण एक,
भराभर, जसं औषध पिऊन टाकतात.
घोडे?
"चार."
गेल्या वर्षी पाच.
पडदा लाल झाला : बेरीज जुळत नाही.
विकला? कापला? की रकाना अकरावा,
मेलेली मोठी जनावरं?

"मेला असं कुणी म्हटलं?
वारा पाठीवर घेऊन गेला तो.
कवटी मिळाली असती तर टेकडीवर ठेवली असती.
ठेवलीय का मी?"
गेला, असा रकाना नाही.
मी पाच लिहायला बोट उचललंसुद्धा.
कोण येणार होतं मोजायला? मीच.

पण खाली नदीकडे पुरेव्दाग्वा राहतो,
त्यानं विमा काढलाय, तिनं नाही.
त्याची भरपाई त्याच्या मेलेल्या घोड्यांवर ठरत नाही,
अख्ख्या तालुक्यात किती मेले त्यावर ठरते,
म्हणजे हिच्याही.
हे तिला समजावताना मी दोनदा चुकलो.
ती मात्र एकदाच ऐकून उठली,
नसलेल्या कुत्र्याचं भांडं सरकवून पुन्हा बसली.

"रंगाचा रकाना आहे?"
आमच्यात घोड्याला नाव नसतं,
रंग असतो, शेकड्यांनी रंग,
आणि तो हाच घोडा, दुसरा नव्हे, असं रंगच सांगतो.
नाही, मी म्हटलं.
"मग लिही एक.
रंग माझ्याकडे राहू दे."

टेकडीवर एक रेघ सिग्नल.
हात उंच धरून उभा राहिलो,
बोटं गेली, मग मनगट गेलं.
शेजारी दगडांच्या राशीवर तीन कवट्या,
मी त्या मोजल्या नाहीत.
हिरवी खूण आली.
टॅब्लेट परत काखेत.

पुढचा गेर नदीकाठी.
"कुत्रं धरा!"
इथे होतं.